सुरक्षेचा पुरावा कोणाच्या खर्चाने?

चेन्नईहून बेंगळूरुकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर चाळीसएक किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. वैष्णव परंपरेला ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वंद्य आहे. उर्वरित देशाला ते २१ मे १९९१ च्या रात्री राजीव गांधी यांची हत्या झाली ते गाव म्हणून आठवते. गेल्या वीस वर्षांत या नावाला तिसरी ओळख मिळाली आहे. मोटारी, दूरचित्रवाणी संच, मोबाइल फोन, संगणक आणि चार्जर घडवणाऱ्या अवाढव्य कारखान्यांचे हे गाव झाले आहे. तमिळनाडूने २०२४-२५ या आर्थिक वर्षात १४ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू निर्यात केल्या आणि या बाबतीत देशात पहिला क्रमांक राखला. त्या यशात कांचीपुरम जिल्ह्यातील या पट्ट्याचा वाटा मोठा आहे.

या यशाची चर्चा पुष्कळ झाली. अनुदाने, जमिनी, करसवलती, कामगारांची वसतिगृहे, २०२४ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात ३७ दिवस चाललेला सॅमसंगमधील संप, या सर्वांवर लिहिले-बोलले गेले. मला या लेखात एका तुलनेने कोरड्या वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. विजेवर चालणारी वस्तू सुरक्षित असलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ती सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा खर्च कोणी, किती आणि कोणत्या मापाने सोसायचा? हा प्रश्न तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात भारतात इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा कोण करू शकेल आणि कोण करू शकणार नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

महामार्गावरचे आणि वसाहतीतले

श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक इतिहासातील सर्वांत बोलका धडा नोकियाचा आहे. २००६ मध्ये येथे नोकियाचा मोबाइल कारखाना सुरू झाला, काही वर्षांत तो जगातील मोठ्या फोन कारखान्यांत गणला जाऊ लागला आणि करविषयक वादाच्या छायेत १ नोव्हेंबर २०१४ रोजी तो बंद पडला. पाठोपाठ त्याच आवारातील फॉक्सकॉननेही काम थांबवले. हजारो तरुण, त्यांत मोठ्या संख्येने मुली, बेरोजगार झाल्या. पुढे साल्कॉम्प या मूळच्या फिनलंडमधील कंपनीने तो कारखाना घेतला आणि २०२० पासून तेथे चार्जर बनू लागले.

या कहाणीतील एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. नोकियाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या कोणत्या होत्या? साल्कॉम्प आणि पेर्लोस फिनलंडच्या, लेअर्ड ब्रिटनची, फॉक्सकॉन आणि विनटेक तैवानच्या. म्हणजे मोठा कारखाना आला, त्याबरोबर त्याचे मोठे पुरवठादारही परदेशातूनच आले. अंबत्तूर आणि गिंडी या चेन्नईच्या जुन्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखानदाराला त्या आवारात फारसे स्थान मिळाले नाही. त्याने आपला माल देशांतर्गत बाजारात विकावा, हाच त्याच्यापुढचा मार्ग उरला. सुरक्षा-प्रमाणनाचा नियम त्याला गाठतो तो नेमका याच मार्गावर.

कारण सक्तीच्या नोंदणीचा आदेश निर्यातीच्या मालाला लागू होत नाही. परदेशी ग्राहकाला हव्या त्या मानकानुसार वस्तू बनवावी आणि पाठवावी, एवढेच पुरेसे असते. त्यात तत्त्वतः काही चूक नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनला भारतीय चिन्हाची गरज नाही. परिणाम मात्र विचित्र होतो. श्रीपेरुंबुदूरमधून लाखोंच्या संख्येने परदेशी जाणाऱ्या मालाला भारतीय प्रमाणनाचा टप्पा नाही, आणि अंबत्तूरमध्ये बनून विळुप्पुरमच्या शाळेत बसवल्या जाणाऱ्या दोनशे यंत्रांना तो आहे.

नियम कसा चालतो

भारतात घरगुती विद्युत उपकरणांवर गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश नवे नाहीत. इस्त्री, पाणी तापवण्याचे कांब यांसारख्या वस्तूंसाठी १९८१ मध्येच असा आदेश निघाला होता. इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत खरे वळण आले ते सप्टेंबर २०१२ मध्ये. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. पहिल्या यादीत १५ वस्तू होत्या. देशात पुरेशा प्रयोगशाळा नसल्याने मुदतवाढी देत देत २०१३ पासून त्याचा अंमल सुरू झाला. मोबाइल, पॉवर बँक, एलईडी दिवे, पाच केव्हीएपर्यंतचे यूपीएस, स्मार्ट कार्ड वाचक अशी भर पडत ती यादी आता साठच्या पुढे गेली आहे.

नियमाची रचना अशी आहे. उत्पादकाने आपल्या वस्तूचे नमुने भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या देशातील प्रयोगशाळेत द्यायचे. तेथील अहवाल अनुकूल आला की ब्युरोकडे अर्ज करायचा, मग नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो वस्तूवर छापावा लागतो. प्रत्येक कारखान्यासाठी स्वतंत्र नोंदणी, ठरावीक मुदतीने नूतनीकरण आणि वस्तूतील महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी अहवालाला जोडलेली. या पद्धतीला ‘स्वयंघोषणा’ म्हटले जाते. घोषणा उत्पादकाची असते खरी, पण तिच्या आधी प्रयोगशाळेचा अहवाल अनिवार्य असतो. त्यामुळे त्या शब्दातील ‘स्वयं’ला फारसा अर्थ उरत नाही.

उल्लंघनाची शिक्षाही सौम्य नाही. २०१६ चा भारतीय मानक ब्युरो कायदा संमत झाला तेव्हा त्याच्या कलम २९ मध्ये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पहिल्या गुन्ह्यास किमान दोन लाख आणि पुढील गुन्ह्यांस किमान पाच लाख रुपये दंडाची तरतूद होती. हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत नेता येतो.

सुरक्षा म्हणजे काय

या चाचण्या निरर्थक आहेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपल्या घरातील भिंतीतून २३० व्होल्ट दाबाची वीज येते आणि चार्जर तिचे रूपांतर पाच व्होल्टमध्ये करतो. त्या छोट्याशा डबीच्या आत जीवघेणा दाब आणि मुलाच्या हातातील तार यांच्यामध्ये काही मिलिमीटरचे अंतर आणि विद्युतरोधक पापुद्र्यांचे थर एवढेच असते. प्रयोगशाळा ते अंतर मोजते. दोन बाजूंमधील विद्युतरोधनावर तीन हजार व्होल्टचा दाब मिनिटभर देऊन ते तग धरते का, हे पाहते. एखादा भाग मुद्दाम शॉर्ट करून वस्तू पेट घेते का, हे तपासते. तारेची तापलेली वेटोळी प्लास्टिकला लावून ज्वाला पसरते की विझते, याची नोंद करते. स्वस्त, बनावट चार्जर उघडून पाहिला तर यांतले बरेच काही गायब असते.

विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतले बहुतेक मृत्यू उघड्या तारा, सदोष वायरिंग, शेतातील पंप आणि वाहिन्या यांमुळे होतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वाटा त्यात लहान असावा. तरीही लिथियम बॅटरीने आगीचा एक नवा धोका घराघरांत नेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे विद्युत दुचाकींच्या विक्री केंद्राला लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ जणांचा जीव गेला. मोठे नाव असले की धोका नसतो, असेही नाही. २०१६ मध्ये पेट घेणाऱ्या बॅटऱ्यांमुळे सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला होता. विजेचा धक्का कंपनीची उलाढाल पाहून बसत नाही. म्हणून मानक सर्वांना एकच हवे, यावर तडजोड नको.

मात्र मानक आणि त्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानक सांगते की वस्तू कशी असावी. प्रमाणन सांगते की ती तशी आहे हे कोणापुढे, कसे आणि किती पैसे मोजून सिद्ध करायचे. आपल्या धोरणाने या दोहोंची गल्लत केली आहे आणि तिची किंमत लहान कंपन्या मोजत आहेत.

दोन सेलवरचा कीबोर्ड

२०१२ च्या पहिल्याच यादीतील एक नोंद पाहा: वायरलेस कीबोर्ड. ही वस्तू सहसा दीड व्होल्टच्या दोन साध्या सेलवर चालते. भिंतीतील विजेशी तिचा संबंधच येत नाही. तरीही मोठे दूरचित्रवाणी संच आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्याच रांगेत ती बसवली गेली. धोक्याची प्रतवारी न करता वस्तूंची यादी केली की असे घडते.

युरोपचा मार्ग निराळा आहे. युरोपीय संघाचा विद्युत दाबाविषयीचा निर्देश पर्यायी विजेच्या बाबतीत ५० व्होल्टपासून आणि एकदिश विजेच्या बाबतीत ७५ व्होल्टपासून सुरू होतो. त्याखालील वस्तूंना सर्वसाधारण ग्राहक सुरक्षेचे नियम लागू होतात. रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणांसाठी वेगळा निर्देश असून तेथे दाबाची खालची मर्यादा नाही, पण सुरक्षेबाबत उत्पादकाच्या घोषणेला तेथेही वाव आहे. आणि ५० व्होल्टच्या वरही त्रयस्थ प्रयोगशाळेची सक्ती नाही. उत्पादकाने स्वतः चाचण्या करायच्या, तांत्रिक कागदपत्रे जपून ठेवायची, ‘सीई’ चिन्ह लावायचे आणि खोटे निघाले तर परिणाम भोगायचे. चीननेही २००० च्या दशकात सुरू केलेल्या आपल्या सक्तीच्या प्रमाणनातून अनेक वस्तू २०१९ नंतर स्वयंघोषणेकडे वळवल्या. युरोपही लघुउद्योगांसाठी नंदनवन नाही. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमांमुळे तेथील बाजार सोडणारे छोटे विक्रेते होतेच. तरीही जिथे धोका कमी तिथे पुराव्याचा भार कमी, हे सूत्र तेथे नियमाच्या गाभ्यात आहे.

आपल्याकडे सवलत नाही असे नाही. अतिविशिष्ट उपकरणांना नोंदणीतून सूट आहे. तिच्या अटींचा ढोबळ आशय असा: वर्षाला शंभराहून कमी नग बनत असावेत, आणि शिवाय उपकरण त्रिफेज विजेवर चालणारे, किंवा १६ अँपिअरहून अधिक प्रवाह घेणारे, किंवा दीड मीटरहून मोठे, किंवा ८० किलोहून जड असावे. थोडक्यात, कपाटाएवढे यंत्र बनवणाऱ्याला सूट आणि खिशात मावणारे यंत्र बनवणाऱ्याला नाही. मोठ्या यंत्राची उभारणी जाणकारांकडून होते, हा त्यामागचा तर्क मी समजू शकतो. पण वर्षाला साठ नग बनवणाऱ्या छोट्या संशोधकाला या दारातून आत जाता येत नाही.

अंकगणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंबत्तूरमधील सहा माणसांची कंपनी शाळांसाठी स्मार्ट कार्डावर हजेरी घेणारे यंत्र बनवते आणि वर्षाला दोनशे नग विकते. चाचणी, नमुने, नोंदणी आणि सल्लागाराचे शुल्क मिळून दोन लाख रुपये लागले, असे धरू. प्रत्येक नगामागे हजार रुपये झाले. तेच यंत्र दोन लाख नग विकणाऱ्या कंपनीला हा खर्च नगामागे एक रुपया पडतो. नियम दोघांना समान आहे, पण भार हजारपट वेगळा आहे. पैशाचे झाले, वेळेचे गणितही तसेच. अहवाल हाती येईपर्यंत मोठ्या कंपनीकडे इतर दहा मॉडेल विकायला असतात. छोट्या कंपनीकडे बहुधा तेवढेच एक असते आणि शाळा जूनमध्ये उघडते.

लघुउद्योजकांशी बोलताना शुल्कापेक्षाही अधिक वेळा ऐकू येते ती बदलांची तक्रार. अहवालाला जोडलेल्या यादीतील ट्रान्सफॉर्मर, फ्यूज किंवा कपॅसिटर बदलला की ब्युरोला कळवावे लागते आणि अनेकदा पुन्हा चाचणी येते. मोठी कंपनी वर्षाचा साठा आधीच करारबद्ध करते. छोटी कंपनी चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या आठवड्यात जे मिळेल ते घेते. २०२१ च्या जागतिक चिप टंचाईत तर ठरलेला भाग मिळणे हेच भाग्य होते. अशा वेळी उद्योजकापुढे तीनच पर्याय असतात: उत्पादन थांबवणे, पुन्हा चाचणीचा खर्च करणे, किंवा गुपचूप भाग बदलून काही न होवो अशी प्रार्थना करणे. जो नियम प्रामाणिक माणसाला तिसऱ्या पर्यायाकडे ढकलतो, तो सुरक्षा वाढवत नाही.

दुसरी अडचण कारखान्याशी बांधलेल्या नोंदणीची. आज अनेक तरुण अभियंते वस्तूची रचना स्वतः करतात आणि जोडणी बाहेरच्या कंत्राटी कारखान्यातून करून घेतात. नोंदणी मात्र त्या कारखान्याच्या नावे होते. कंत्राटदाराने दर वाढवले म्हणून कारखाना बदलायचा ठरवला, तर नोंदणी सोबत येत नाही. रचना तीच, भाग तेच, तरी सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते. कल्पना ज्याची, परवाना त्याचा नाही.

याशिवाय ब्युरो हे एकमेव दार नाही. यंत्रात वाय-फाय वा ब्लूटूथ असेल तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. ते दूरसंचार जाळ्याशी जोडणारे गेटवे असेल तर त्याच खात्याच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे अनिवार्य प्रमाणपत्र लागते. दोन खाती एकाच वस्तूची दोनदा चाचणी घेतात ही तक्रार इतकी रास्त होती की २०२२ मध्ये सरकारने मोबाइल फोनसारख्या काही वस्तू दूरसंचार प्रमाणनातून वगळल्या. सूट मिळाली ती प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या वस्तूंना, हे येथे नोंदवले पाहिजे.

सवलती कोणाला पोहोचतात

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेविषयीच्या अलीकडच्या आदेशात लघु आणि सूक्ष्म उद्योगांना अंमलबजावणीसाठी अधिक मुदत दिली गेली. ब्युरोच्या आयएसआय चिन्हाच्या किमान वार्षिक शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ५० टक्के सूट आहे. फोन, बॅटरी आणि चार्जर यांची एकापाठोपाठ एक चाचणी घेण्याऐवजी त्या एकाच वेळी घेण्याची मुभा ब्युरोने २०२२ च्या अखेरीस दिली. १६ ते २१ आठवड्यांचा काळ त्यामुळे पाच ते आठ आठवड्यांवर येईल, असे तेव्हा सांगण्यात आले.

या उपायांची दिशा योग्य आहे, पण त्यांचा नेम चुकतो. मुदत वाढली म्हणून खर्च कमी होत नाही, तो पुढे ढकलला जातो. शुल्कातील सूट ब्युरोच्या शुल्कापुरती असते. मोठा खर्च होतो तो प्रयोगशाळेत. समांतर चाचणीचा लाभ बॅटरी, चार्जर आणि फोन असे सगळेच स्वतः घडवणाऱ्या किंवा घडवून घेणाऱ्या कंपनीला अधिक. आणि ‘लघु’ या शब्दाची व्याख्याही इतकी ऐसपैस झाली आहे की एप्रिल २०२५ पासून शंभर कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेली कंपनी ‘लघु’ आणि दहा कोटींपर्यंतची ‘सूक्ष्म’ गणली जाते. त्या दहा कोटींच्या तळाशी, वर्षाला चाळीस लाखांची विक्री करणारी सहा माणसांची कंपनी धोरणकर्त्यांना दिसतच नाही.

भौगोलिक प्रश्नही आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचा मोठा भाग दिल्ली परिसर आणि बेंगळूरु येथे एकवटला आहे. चेन्नई त्या मानाने नशीबवान. तेथील तरमणीत ब्युरोचे दक्षिण विभागीय कार्यालय आणि विद्युतचुंबकीय चाचण्या करणारे ‘समीर’चे केंद्र आहे, आणि आयआयटी मद्रासचे संशोधन उद्यानही तेथून जवळच आहे. मुंबईत अंधेरीला केंद्राची इलेक्ट्रॉनिक चाचणी प्रयोगशाळा आहे. अहिल्यानगर, नांदेड किंवा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील तरुणाला मात्र एका अपयशी चाचणीनंतर दुरुस्त नमुना घेऊन पुन्हा शहर गाठावे लागते. चाचणीत पहिल्याच खेपेला उत्तीर्ण होणे अवघड असते, ही या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. म्हणून अंतिम अहवालाआधी स्वस्तात चुका दाखवून देणारी जागा हवी असते. ती जवळपास कोठेच नाही.

फायदा कोणाचा होतो

एवढा भार सोसून ग्राहक सुरक्षित झाला का? मार्च २०२५ मध्ये ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी दिल्ली आणि तमिळनाडूतील तिरुवळ्ळूर जिल्ह्यात बड्या ई-कॉमर्स कंपन्यांच्या गोदामांची झडती घेतली. मानकचिन्ह नसलेल्या हजारो वस्तू सापडल्या; त्यांत गीझर आणि मिक्सरही होते. कारवाई स्तुत्य होती. तिने एक गोष्ट उघड केली: जो नोंदणी करायला येतो त्याच्यावर पूर्ण नियम लागू होतो आणि जो येतच नाही त्याचा माल गोदामातून सुखाने घरोघरी जातो. आपल्या व्यवस्थेचे लक्ष बाजाराच्या दारावर आहे. बाजाराच्या आत काय विकले जाते, याकडे ते क्वचित वळते.

या असमतोलाला आणखी एक बाजू आहे. ग्राहकहिताच्या नावाने आलेले अनेक गुणवत्ता नियंत्रण आदेश आयात रोखण्याचे हत्यार म्हणूनही वापरले गेले. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०१४ पर्यंत असे १४ आदेश होते आणि त्यांखाली १०६ वस्तू येत. पुढच्या दहा वर्षांत आदेश दीडशेच्या आणि वस्तू साडेसहाशेच्या पुढे गेल्या. सीमेवर अडवण्यासाठी बांधलेली भिंत घरातल्या लहान माणसाच्याही अंगणातून गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने रसायने, पॉलिमर आणि कृत्रिम धाग्यांच्या कच्च्या मालावरील १४ आदेश मागे घेतले, कारण वस्त्रोद्योग आणि प्लास्टिक उद्योगाने एकमुखाने आवाज उठवला. ज्याची संघटना मोठी त्याचे ऐकले जाते, हे लोकशाहीत स्वाभाविक आहे. पण अंबत्तूर, भोसरी आणि वागळे इस्टेटमधील सहा माणसांच्या कंपन्यांचा आवाज कोणत्या दालनात पोहोचतो?

काय करता येईल

मी मानके सैल करा असे म्हणत नाही. पुराव्याचा मार्ग धोक्याच्या आणि संख्येच्या प्रमाणात आखा, असे म्हणतो. त्यासाठी पाच गोष्टी करता येतील.

पहिली, धोक्याची प्रतवारी. नोंदणीकृत चार्जरवर किंवा साध्या सेलवर चालणाऱ्या, कमी दाबाच्या वस्तूंना उत्पादकाच्या तांत्रिक कागदपत्रांवर आधारित खऱ्या अर्थाची स्वयंघोषणा पुरावी. भिंतीतील विजेला थेट जोडली जाणारी, तापणारी आणि लिथियम बॅटरी असलेली वस्तू यातून कटाक्षाने वगळावी.

दुसरी, नगसंख्येची पायरी. वर्षाला पाचशे नगांपर्यंत विक्री असलेल्या उत्पादकाला प्रत्येक नगावर विद्युतरोधन आणि अर्थिंगच्या मूलभूत चाचण्या करून त्यांची नोंद ब्युरोच्या संकेतस्थळावर चढवण्याच्या अटीवर तात्पुरता क्रमांक द्यावा. संख्या वाढली की पूर्ण चाचणी. मोठ्या उद्योगात हजारांतून काही नग तपासले जातात. येथे प्रत्येक नग तपासला जाईल.

तिसरी, पहिल्या चाचणीचा खर्च सार्वजनिक निधीतून. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग योजनेसाठी तेव्हा २२,९१९ कोटी रुपयांची तरतूद होती. त्या प्रमाणात पाहिले तर सूक्ष्म उद्योगांना चाचणीसाठी कुपने देणे ही किरकोळ रक्कम ठरेल. लघुउद्योग समूहांना सामायिक सुविधा केंद्रे उभारून देणारी केंद्राची योजना आधीपासून आहे. तिच्यातून पूर्वचाचणी केंद्रे उभी करावीत.

चौथी, बदलाची मोकळीक. आधीच प्रमाणित असलेला आणि समान क्षमतेचा सुटा भाग वापरला तर केवळ कळवणे पुरेसे मानावे. कंत्राटी कारखाना बदलला तर रचनेचा अहवाल ग्राह्य धरून नव्या जागेची फक्त पडताळणी करावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, बाजारावर नजर. स्वयंघोषणा म्हणजे मोकळे रान नव्हे. ब्युरोने दुकानांतून आणि संकेतस्थळांवरून ग्राहकासारखे नमुने विकत घ्यावेत, तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाचे आणि विक्रेत्याचे दायित्व निश्चित केले आहे. ते कागदावरून न्यायमंचात यावे. आज ‘बीआयएस केअर’ या ॲपवर नोंदणी क्रमांक खरा आहे की नाही हे कोणालाही तपासता येते. किती जण ते तपासतात, हा प्रश्न ब्युरोने स्वतःला विचारायला हवा.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की भारतात स्वयंघोषणा म्हणजे खोटेपणाला निमंत्रण. आक्षेपात तथ्य आहे. पण आजची व्यवस्थाही खोट्या क्रमांकांपासून मुक्त नाही. फरक एवढाच की आज अप्रामाणिक माणसाला स्पर्धेत लाभ मिळतो आणि प्रामाणिक माणसाला दंड. तपासणीचा पैसा अर्ज छाननीतून काढून बाजारातील नमुन्यांवर खर्च केला तर हे गणित उलटते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. ज्याला सुरक्षेचा खर्च परवडत नाही त्याने वस्तू बनवूच नये, असे काही जण म्हणतील. सुरक्षित वस्तू बनवण्याचा खर्च, म्हणजे चांगला ट्रान्सफॉर्मर, पुरेसे अंतर, ज्वालारोधक प्लास्टिक यांचा खर्च, प्रत्येकाने सोसलाच पाहिजे. तो नगाच्या प्रमाणात येतो आणि छोट्यालाही परवडतो. ज्याची चर्चा मी करतो आहे तो खर्च वस्तूत जात नाही. तो कागदात जातो. त्याला सुरक्षेचा खर्च म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

श्रीपेरुंबुदूरने आपल्याला दाखवून दिले की भारतीय कामगार जगातील कोणत्याही दर्जाची वस्तू जुळवू शकतो. तेथील वस्तूंची रचना मात्र अजून प्रामुख्याने परदेशात होते, आणि नोकियाने दाखवले की जुळवणी करणारी कंपनी एका निर्णयासरशी निघून जाऊ शकते. जी कंपनी आपली वस्तू स्वतः रचते आणि याच बाजारात विकते, ती सहसा जात नाही, कारण तिला जायला दुसरी जागा नसते. अशा कंपन्या मोठ्या होण्याआधी लहान असतात, आणि लहान असतानाच पहिल्या दोनशे नगांवर त्यांचे भवितव्य ठरते. त्या दोनशे नगांना बाजारात सुरक्षितपणे येऊ देणारा मार्ग आखणे हे मानक ब्युरो, इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय आणि दूरसंचार खाते यांचे संयुक्त काम आहे. सक्तीच्या नोंदणीचा पुढचा आदेश निघेल तेव्हा त्याच्या मसुद्यात नगसंख्येचा रकाना आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहीन.